सिमोनच्या खांद्यावरची शाल

अमेरिकेहून आल्यापासून जो तो मला नायगारा विचारतो. नायगारा पाहिला. पाणी पुष्कळ आहे, अंगावर उडतं, आत जाताना रेनकोट देतात आणि बाहेर पडताना आठवणीने परत घेतात. एवढं सांगितलं की माझा नायगारा संपतो आणि ऐकणाऱ्याचा हिरमोड होतो. उंच इमारती, सरकते जिने, बटण दाबलं की उघडणारं गॅरेजचं दार, हेही सगळं पाहिलं. त्या दाराने माझी एक चप्पल चेंदून टाकली. पण त्या सगळ्या मुक्कामातून मनात अडकून राहिले ते ऑक्टोबरातले चार-पाच दिवस, आणि ते सांगायला घेतले की माझी मान खाली जाते. म्हणून इतके दिवस टाळलं. आता टाळता येणार नाही असं गेल्या आठवड्यात घडलंय. ते शेवटी येईलच.

मी वेंगुर्ल्याची. इथल्या हायस्कुलात जन्मभर भूगोल शिकवला, लग्न केलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर धाकट्या बहिणीच्या आग्रहाला बळी पडून विमानात बसले. बहीण सुलभा आणि तिचे यजमान अशोकराव न्यू जर्सीत एडिसनला राहतात. अशोकराव भूल देणारे डॉक्टर. दोघं तिथले नागरिक होऊन बरीच वर्षं झाली, मतही तिथेच देतात. घर मोठं, मन त्याहून मोठं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचून त्यांना कुणी वाईट ठरवणार नाही. वाईट माणसांमुळे लाज वाटली असती तर मला ती इतकी लागली नसती.

एडिसन, शुक्रवार

ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची दुकानं नुकतीच उघडू लागली आहेत. साड्यांचं एक, किराण्याचं एक. किराण्याच्या दुकानात पूर्वी नळाचं सामान मिळायचं म्हणे, आणि हिंगाच्या वासाखाली अजून गंजक्या लोखंडाचा वास येत होता. सुलू आणि मी कोकमं चांगली की वाईट यावर हुज्जत घालत होतो, तेवढ्यात जीन्समधली एक बाई पुढे आली आणि म्हणाली, “तुमी मराठी काय? आमी पन मराठीच.”

तिचं नाव पार्वती. ती मॉरिशसची, इथे एका इस्पितळात नर्स. तिच्या पणजोबांना आमच्याच भागातून कुठूनतरी ऊस तोडायला बोटीत घालून नेलं होतं. त्या बोटीत चढलेलं मराठी त्या घराने जसंच्या तसं सांभाळून ठेवलं होतं, आणि मध्ये फ्रेंचसारखे शब्द आले तरी त्याचा हेल आमच्याकडचाच होता. मला इतका आनंद झाला की मी तिचा हातच धरला.

तिच्याबरोबर एक उंच, काळी, पन्नाशी ओलांडलेली बाई होती. डोक्याला रुमाल, अंगात पातळ सुती झगा आणि त्यावर कुणा पुरुषाचा ओव्हरकोट. पार्वतीने ओळख करून दिली. ही सिमोन. एका चर्चच्या आणि शांततावाद्यांच्या बोलावण्यावरून अमेरिकेत आली आहे, गावोगावी भाषणं करते, या आठवड्यात माझ्याकडे उतरली आहे. मी विचारलं, मॉरिशसचीच का? पार्वती म्हणाली, न्हाय, दिएगो गार्सियाची.

“तिथे तर अमेरिकेचा लष्करी तळ आहे,” मी म्हटलं. मास्तरकीची सवय, माहिती असली की ती बाहेर पडतेच.

पार्वतीने ते तिच्या भाषेत सांगितलं. सिमोनने माझ्याकडे नीट पाहिलं आणि चार शब्द बोलली.

“ती म्हन्ते,” पार्वती म्हणाली, “तळाच्या आदी तिथं तिचं घर होतं.”

दिएगो गार्सिया हे नाव मला चांगलं ठाऊक होतं. आपल्या वर्तमानपत्रांत त्या तळाविरुद्ध किती अग्रलेख आले! आमच्या शाळेत ‘हिंदी महासागर : शांततेचा प्रदेश’ या विषयावर वक्तृत्वस्पर्धा झाली होती आणि परीक्षक मी होते. मुलांनी टेबलावर मुठी आपटून महासत्तांना झोडपलं. पण त्या बेटावर कुणी माणूस राहत असेल, तो कुठे गेला असेल, हे एकाही मुलाच्या भाषणात नव्हतं आणि एकाही मुलाला मी ते विचारलं नाही. नकाशात तो ठिपका दाखवताना माझी छडी त्याच्यावरून शंभरदा फिरली असेल.

सुलूने तिथल्या तिथे दोघींना दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. ती आधी बोलावते आणि मग विचार करते.

शनिवार

सुलूने पापलेटं आणली होती. सार, भात, तळलेली तुकडी आणि डब्यातल्या नारळाच्या दुधाची सोलकढी. नारळाचं दूध सार्डिनसारखं डब्यात मिळतं हे पाहून सिमोन पोट धरधरून हसली. मग सोलकढी प्यायली, पुन्हा मागितली, आणि तिसऱ्या वाटीला तिचे डोळे भरून आले. त्यांच्याकडे मासे नारळाच्या दुधातच शिजवतात. जेवण म्हणजे मासा आणि नारळ, बाकी काही असलं तर ठीक, नसलं तरी ठीक. मी म्हटलं, मग तुम्ही आमच्याच की. हे मी किती सहज म्हटलं!

जेवणानंतर ती बोलली आणि पार्वती आम्हाला सांगत गेली. बेटावर नारळाच्या बागा. खोबरं काढायचं, वाळवायचं, बोटीवर चढवायचं. घराला कुलूप नाही. नवरा आजारी पडला म्हणून ती त्याला घेऊन औषधपाण्याला मॉरिशसला आली. तो बरा झाल्यावर परतीच्या बोटीची चौकशी करायला बंदरावर गेली, तर सांगितलं, तिकडे आता बोट जात नाही, बेट बंद झालं. इंग्रजांनी ते अमेरिकेला तळासाठी दिलं होतं. आई तिकडेच होती. ती वारली आणि पुरली गेली ते सिमोनला कळलं उरल्यासुरल्या लोकांना हलवलं तेव्हा. शेवटच्या बोटीतून बहीण आली. तिने सांगितलं, जाण्याआधी बेटावरचे कुत्रे गोळा केले, खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडले आणि धुराने मारले. सिमोनच्या कुत्र्याचं नाव तिने सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही, तिने ते एकदाच आणि अगदी हळू उच्चारलं.

नवरा मॉरिशसच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या एका झोपडीत खंगून गेला. पुरुषांना काम मिळेना, पुष्कळसे दारूला लागले. मग बायका रस्त्यावर बसल्या. उपास केले, पोलिसांचा मार खाल्ला, कोठडीत गेल्या. सिमोन त्यांच्यात पहिल्या रांगेत. मनगटापाशी तिचा हात थोडा वाकडा जुळला आहे. तो दाखवताना ती म्हणाली की शाळेचा दाखला माझ्याकडे नाही, हा पोलिसांनी दिलेला. हसलीही.

सुलू डोळे पुसत होती. अशोकराव उठून दिवाणखान्यात गेले, त्यांच्यामागून आम्ही आणि सिमोनही गेलो. भिंतीवर एक फोटो आहे. कुठल्याशा मेजवानीत अशोकराव आणि त्यांच्या मतदारसंघाचे काँग्रेसमधले, म्हणजे तिथल्या संसदेतले, प्रतिनिधी हातात हात घालून उभे. सिमोन त्या फोटोसमोर जाऊन थांबली. पार्वतीला काहीतरी विचारलं, आणि पार्वतीचा चेहरा उजळला. याच माणसाच्या इथल्या ऑफिसात सोमवारी अकराला त्यांची भेट ठरली होती. एकच अडचण होती. ऑफिसने सांगितलं होतं की बाहेरच्या माणसाचं म्हणणं आम्ही फार तर ऐकून घेऊ, पण पुढे न्यायचं तर मतदारसंघातल्या कुणीतरी ते मागितलं पाहिजे. पार्वती दुसऱ्या मतदारसंघात राहते. चर्चची माणसंही तिकडचीच.

“चार मानसं आली तरी पुरे,” पार्वती म्हणाली. “दोन आली तरी.”

अशोकरावांनी मान डोलावली. अवश्य अवश्य, म्हणाले. पार्वतीने आणखी एक मागितलं. रविवारी मराठी मंडळाची कोजागिरी आहे असं ऐकलं, तिथे सिमोनला दहा मिनिटं बोलू द्याल का? मंडळाचे अध्यक्ष अशोकरावच होते.

संध्याकाळी कोजागिरीच्या तयारीला खजिनदार साठे आले आणि सगळं फिरलं. साठे इंजिनियर. ते म्हणाले, “यार अशोक, माझ्या कंपनीची निम्मी कामं डिफेन्सची आहेत. मी तिथे बसून टाळ्या वाजवल्याचा फोटो निघाला तर?” मग अशोकरावही विचारात पडले. मंडळ कल्चरल आहे, पॉलिटिकल नाही. कुणीतरी कंप्लेंट केली तर? त्या दिवसांत जवळपासच्या गावांत आपल्या बायकांना रस्त्यात अडवून, कुंकवावरून टोमणे मारायचे प्रकार चालू होते. सुलूलाही एकदा तो अनुभव आला होता. अशा वेळी सरकारविरुद्ध बोलणारी बाई आपल्या स्टेजवर हवी कशाला? साठ्यांनी मधला मार्ग सुचवला, फक्त आईच्या थडग्याला भेट द्यायची विनंती करू दे, ती माणुसकीची गोष्ट आहे. पार्वतीला फोन करून विचारलं. उत्तर लगेच आलं. सिमोन म्हणते, मेलेल्यांना भेटायची परवानगी सगळेच मागायला सांगतात. मला तिथे राहायला जायचंय, जिवंतपणी.

दोघं माझ्याकडे पाहायला लागले. अशोकराव म्हणाले, “ताई, तुम्हीच सांगा. पाहुणीला नाही म्हणवत नाही, आणि भाषणही नको.”

आणि मी, इतकी वर्षं शाळेची संमेलनं पार पाडलेली बाई, क्षणात बोलून गेले, “सत्कार करा की तिचा. शाल-श्रीफळ द्या.”

दोघांचे चेहरे मोकळे झाले. कुणाचा अपमान नाही, कुणाची अडचण नाही. माणसाला गप्प बसवायचं तर त्याचा सत्कार करावा, ही कला आपल्याइतकी कुणाला साधली नसेल. मी ती तिथे सोबत घेऊन गेले होते.

कोजागिरी, दुपारी तीन

अमेरिकेत सण शनिवार-रविवारी येतात आणि चंद्राने त्याप्रमाणे जमवून घ्यायचं असतं. एका शाळेच्या हॉलमध्ये भर दुपारी ट्यूबलाइटखाली कोजागिरी झाली. स्टेजवर थर्माकोलचा चंद्र, कागदी पेल्यांत मसाला दूध, पैठण्यांवर स्वेटर. मुलं मागच्या रांगेत इंग्रजीत भांडत होती. मला आधी हसू आलं आणि मग गलबलून आलं. एवढ्या दूर येऊन ही माणसं दूध आटवत बसतात. घर सोडून आलेल्यांना घराची इतकी ओढ असते, तर जिला घराबाहेर काढलं तिचं काय, हा विचार त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय आणखी कुणाच्या मनात आला की नाही, ठाऊक नाही.

सत्काराचा नारळ मंडळाचा एकच होता. चांगले नारळ मिळत नसत, म्हणून सत्कारमूर्तीने तो स्टेजमागे साठ्यांना परत द्यायचा आणि साठ्यांनी पुढच्या सत्काराला जपून ठेवायचा असा रिवाज. त्या नारळाने तीन-चार अध्यक्ष पाहिले होते.

सिमोनला स्टेजवर बोलावलं. अशोकरावांनी शाल पांघरली, तपकिरी, काठाला नक्षी असलेली, सुलूच्या कपाटातली. नारळ हातात दिला. कोण, कुठली, कशासाठी आली, यातलं फारसं काही सांगितलं नाही. ‘हिंदी महासागरातून आलेल्या एक धैर्यशील भगिनी’ एवढंच. मग टाळ्या वाजू लागल्यावर त्यांना भरून आलं आणि ते इंग्रजीत म्हणाले की तुम्ही आज आमच्या घरच्या झालात, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी उभे आहोत. आपल्या स्टेजवर हे कुणालाही म्हणतात. निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकांना म्हणतात, जिल्हाधिकाऱ्यांना म्हणतात.

पार्वतीने ते सिमोनच्या कानात सांगितलं. सिमोनचा चेहरा बदलला. तिने हॉलभर नजर फिरवली, एकेका रांगेवर थांबत. ओठ हलले, ती माइककडे एक पाऊल गेली. साठ्यांनी हसतमुखाने माइकचा स्टँड उचलला आणि पुढच्या गाण्यासाठी पेटीवाल्यासमोर नेऊन ठेवला.

खाली उतरल्यावर तिने अशोकरावांचे दोन्ही हात धरले. सोमवार, अकरा, असं बोटांनी दाखवलं. ते म्हणाले, बघतो, जमवतो. मला कळलं ते येणार नाहीत. पार्वतीला कळलं नाही. आणि नारळ परत द्यायचा असतो हे सिमोनला कुणीच सांगितलं नव्हतं. ती तो पिशवीत घालून घेऊन गेली. साठे दाराकडे बघत राहिले.

सोमवार

सकाळी अशोकराव नेहमीपेक्षा लवकर इस्पितळात गेले. तातडीची केस आली असं सुलू म्हणाली. मी खरंखोटं विचारलं नाही. सुलूला म्हटलं, तू चल, तुला मत आहे. ती भांडी घासत राहिली. यांना न विचारता मी कशी येऊ ताई, म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मग मी पार्वतीच्या गाडीत जाऊन बसले.

सिमोन मागे बसली होती. ओव्हरकोट घरी ठेवला होता आणि अंगावर ती शाल घेतली होती, काठाची नक्षी वर दिसेल अशी.

ऑफिस छोटंसं, एका बँकेच्या वर. हीटर चालू, चांगलंच उकडत होतं. प्रतिनिधी स्वतः वॉशिंग्टनला होते. त्यांच्या सहायक बाईंनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं, नीट ऐकून घेतलं. मग सौम्यपणे विचारलं, तुमच्यापैकी या मतदारसंघात कोण राहतं? पार्वती म्हणाली, मी नाही. मी म्हटलं, मी पाहुणी. पार्वतीने प्रश्न सिमोनला सांगितला.

सिमोन उठून उभी राहिली. शालीचे दोन्ही पदर हातांत धरून तिने ती त्या बाईंसमोर पसरली. पार्वतीने एकेक वाक्य सांगितलं, आधी इंग्रजीत, मग माझ्याकडे वळून मराठीत. तशी गरज नव्हती, मला इंग्रजी कळत होतं.

“ही त्या लोकांनी दिली आहे. सगळ्यांसमोर. आम्ही पाठीशी उभे आहोत असं त्यांच्या मुख्य माणसाने सांगितलं, मी त्यांच्या घरची झाले असं सांगितलं. ते इथलेच आहेत. ते येतायत. थोडं थांबू या.”

आणि ती दाराकडे तोंड करून बसली.

त्या बाई खरोखर थांबल्या. समोरची कामं करत राहिल्या, मधूनमधून घड्याळाकडे पाहत. जिन्यावर पावलं वाजली की सिमोन सावरून बसायची, शाल ठीक करायची. एकदा टपालवाला आला. एकदा कुणी चुकून आलेला म्हातारा. मला ठाऊक होतं की कुणी येणार नाही. शाल देणं म्हणजे आपल्याकडे विषय संपवणं असतं, हे मला सांगता आलं असतं. ही कल्पना माझीच, हेही. मी मात्र पर्सचा बंद बोटाला गुंडाळत बसले. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. जमीन दुभंगावी आणि पोटात घ्यावं असं आपण म्हणतो. त्या गालिच्याकडे बघत मी तेच मागत होते.

शेवटी बाई उठल्या. पुढची भेट आली आहे म्हणाल्या. मतदारसंघातल्या कुणीही मागणी केली तर नक्की पुढे नेऊ, असंही म्हणाल्या, आणि ते त्यांनी मनापासून म्हटलं असं मला वाटलं. सिमोनने त्यांचे आभार मानले आणि शालीची घडी घातली.

संध्याकाळी अशोकरावांनी विचारलं, काय झालं? मी सगळं सांगितलं, दाराकडे बघत बसलेलं सुद्धा. त्यांनी ताट पुढे सारलं. म्हणाले, “ताई, आम्ही इथे पाहुणे आहोत. तुम्हाला नाही कळणार.”

“पाहुणे मत देत नाहीत, अशोकराव.”

भिंतीवरचा फोटो तसाच राहिला. पण मी असेपर्यंत ते त्या भिंतीकडे पाठ करूनच बसत.

सँडी हूक, मंगळवार

निघण्याआधी सिमोनला समुद्र पाहायचा होता. पार्वतीने हायवेवर एकच वळण दोनदा चुकवलं, सुलूने दिलेली थालीपीठं आम्ही गाडीतच संपवली, आणि एकदाचे वाळूच्या त्या लांबट पट्ट्यावर पोचलो. ऑक्टोबरातलं स्वच्छ ऊन, बोचरा वारा, किनारा रिकामा. लांब धुक्यात न्यूयॉर्कच्या इमारती. आमच्याकडे समुद्राला माशांचा, जाळ्यांचा, माणसांचा वास असतो. इथला समुद्र कसा धुतलेला वाटत होता.

किनाऱ्यामागे पिवळ्या विटांच्या घरांची एक रांग होती. मोठी, देखणी, पण बंद. काहींच्या खिडक्यांवर फळ्या. पार्वतीने पाटी वाचून सांगितलं की हा पूर्वी लष्कराचा तळ होता. लष्कर गेलं, आता ही जागा लोकांना फिरायला आहे. सिमोनने ते पुन्हा सांगायला लावलं. मग ती प्रत्येक घरासमोरून सावकाश चालत गेली. एका पायरीवर बसून तिने हाताने वाळू झाडली.

“म्हन्जे हे लोक जातात सुदा,” असं ती म्हणाल्याचं पार्वतीने सांगितलं.

तिथे मी तिला सांगितलं. सत्काराची कल्पना माझी होती, तू बोलू नयेस म्हणूनच ती होती, आणि काल ते येणार नाहीत हे मला माहीत होतं. पार्वतीने माझ्याकडे पाहिलं आणि मगच सांगितलं. सिमोनने पिशवीतून तो नारळ काढला, कानाशी हलवला. आत पाणी नव्हतं. तिला हसू फुटलं. तो तिने माझ्या मांडीवर ठेवला, म्हणाली, रुजायचा नाही, चटणीला घे. मी शाल परत मागायला आले आहे असं तिला वाटलं की काय कोण जाणे, तिने ती अंगाभोवती आवळून घेतली. थंडी आहे, ही देणार नाही, म्हणाली.

मग तिने विचारलं, “तू कुठे मत देतेस?”

मी म्हटलं, वेंगुर्ल्याला. तिथे समुद्र आहे का? आहे म्हटलं. कुठला? मी भूगोलाची बाई. अरबी म्हणायला तोंड उघडलं आणि म्हटलं, तुझाच, पुढे तोच आहे.

“मग?” सिमोन म्हणाली.

आणि उठून गाडीकडे चालू लागली. तिने मला क्षमा केली असं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुढच्या गावी गेली. नोव्हेंबराच्या सुरुवातीला त्यांच्याकडे थडगी झाडून फुलं वाहायचा दिवस असतो, आपल्या सर्वपित्रीसारखा. तो आला आणि गेला. तिच्या आईचं थडगं कुणी झाडलं नसणार.

वेंगुर्ला

घरी आले. सुरुवातीला सगळ्यांना नायगारा सांगितला. खासदारांकडे जायचं रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं: दातांचं दुखणं, संक्रांत, घराची शाकारणी. स्वतःशीच बघते, जमवते, असं म्हणत होते.

गेल्या आठवड्यात आमच्या महिला मंडळाने चैत्रातल्या हळदीकुंकवाला मला ‘अमेरिकेतील अनुभव’ सांगायला बोलावलं. मी सिमोनबद्दल बोलले. ऑफिसातल्या दाराबद्दलही. बायका स्तब्ध होऊन ऐकत होत्या, पुष्कळजणींनी डोळ्यांना पदर लावला. माझं संपलं तशा अध्यक्षीणबाई उठल्या, मन हेलावून गेलं म्हणाल्या, आणि माझ्या खांद्यांवर शाल पांघरली. हातात नारळ दिला. आम्हा सर्वांचा तुम्हाला पाठिंबा आहे, असंही म्हणाल्या. टाळ्या वाजल्या. इतक्या वर्षांची सवय, माझी मान आपोआप लवली.

लवलेली मान वर करायला मला फार जड गेलं. पण केली. माइकपाशी गेले. तो कुणी उचलला नाही, एवढं आमच्याकडचं बरं.

म्हटलं, “मी सोमवारी सिमोनचं म्हणणं घेऊन आपल्या खासदारांकडे जाणार आहे. मी इथली मतदार आहे, तुम्हीही आहात. शाल घातलीत, तर माझ्याबरोबर कोण येतंय?”

पहिल्या रांगेतल्या बायका आपापल्या ओटीतल्या हरभऱ्यांकडे पाहू लागल्या. कुणाचं काय चुकलं? सोमवारी कुणाचा उपास, कुणाच्या नातवाची शाळा. मला त्यांचा राग आला नाही. मी त्यांना ओळखते, त्या मीच आहे. मग चिटणीसबाई घाईने पुढे आल्या आणि आभारप्रदर्शन सुरू झालं.

हे लिहिते आहे तो रविवार आहे. मोटारस्टँडवरून सकाळची पहिली गाडी धरायची असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. कोण येईल ते माहीत नाही. आजकाल सकाळपासूनच घामाच्या धारा लागतात. तरी महिला मंडळाने घातलेली ती शाल मी खुर्चीवर काढून ठेवली आहे. उद्या ती अंगावर घेऊनच स्टँडवर उभी राहणार आहे, नक्षी वर दिसेल अशी.